निद्रेचे गणित, स्मृतीचा हिशेब

द्राक्षबागेच्या कडेला लोखंडी खांबावर बसवलेली तळहाताएवढी पांढरी पेटी आता नाशिक जिल्ह्यात नवलाची राहिलेली नाही. मातीत ओल किती आहे, हवेत दमटपणा किती आहे, पान किती तास ओले राहिले, हे ती पेटी मोजते आणि बिनतारी लहरींनी कळवते. डाऊनी आणि भुरी यांच्या फवारणीचा निर्णय या मोजमापावर घेता आला, तर औषधाचा खर्च वाचतो आणि मालही निर्दोष निघतो. पेटी बसवताना नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात, चार शेतकरी कौतुकाने पाहून जातात. मात्र दोन-तीन महिन्यांनी, नेमके ढगाळ दिवस सुरू झाले आणि माहितीची खरी निकड भासू लागली, की कित्येकदा ती पेटी मुकी होते. शेतकरी म्हणतो, "यंत्र बिघडले." विक्रेता म्हणतो, "बॅटरी बदला." वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते आणि बॅटरीचाही दोष नसतो. ते यंत्र जागून जागून मेलेले असते, कारण त्याला नीट झोपायला कोणी शिकवलेलेच नसते.

हे विधान अलंकारिक वाटेल, परंतु ते शब्दशः खरे आहे. अशा पेटीच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. गणित करणारा प्रोसेसर, थोडी स्मृती आणि बिनतारी संदेश पाठवणारा रेडिओ हे तिघे तिच्यात एकत्र नांदतात. तिला बिनतारी मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ती एका छोट्या पट्टीवर, अँटेनासह बसवली की तिचे मॉड्यूल होते. ही मॉड्यूल्स आज घरातील दिव्यांत, पाण्याच्या टाक्यांत, कारखान्यांत आणि शेतांत सर्वत्र पोहोचली आहेत. त्यांचे आयुष्य दोनच गोष्टींवर ठरते. पहिली, ती झोपेत किती वीज खातात. दुसरी, जागी झाल्यावर त्यांना काय आठवते. ज्या समाजाला हे दोन हिशेब मांडता येत नाहीत, तो अशी यंत्रे विकत घेत राहतो आणि ती बंद पडलेली पाहून तंत्रज्ञानालाच बोल लावत राहतो.

कुंभकर्णाचा आदर्श

या क्षेत्रातील सर्वात परिचित उदाहरण शांघायमधील एस्प्रेसिफ या कंपनीचे आहे. सिंगापूरचे अभियंते टिओ स्वी ॲन यांनी २००८ मध्ये ती स्थापन केली. २०१४ मध्ये तिची ईएसपी ८२६६ ही वाय-फाय चिप बाजारात आली आणि काही डॉलरांत मिळणाऱ्या मॉड्यूलने जगभरच्या हौशी अभियंत्यांना वेड लावले. आरंभी तिची कागदपत्रे चिनी भाषेत होती. पण ठिकठिकाणच्या उत्साही लोकांनी ती भाषांतरित केली, तपासली आणि चिपचा कोपरान् कोपरा धुंडाळला. २०१६ मध्ये ईएसपी ३२ ही तिची मोठी बहीण आली. आज अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या प्रकल्पापासून बाजारातील तयार उपकरणापर्यंत ही चिप सर्वत्र आढळते.

ईएसपी ३२ जागी असताना आणि तिचा रेडिओ चालू असताना साधारण १०० मिलिॲम्पिअर वीज ओढते. संदेश प्रक्षेपित करण्याच्या क्षणी हा आकडा २४० पर्यंत चढू शकतो. याउलट तिला 'डीप स्लीप', म्हणजे गाढ निद्रेत घातले, तर ती अवघ्या १० मायक्रोॲम्पिअरवर राहते. जागेपण आणि झोप यांत दहा हजार पटींचे अंतर आहे. २००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी घेतली आणि चिप सतत जागी ठेवली, तर २० तासांत खेळ आटोपतो. तीच चिप नुसती झोपवून ठेवली, तर कागदावर तीच बॅटरी २२ वर्षांहून अधिक पुरते. प्रत्यक्षात बॅटरी वापराविनाही झिजते, म्हणून इतकी वर्षे कोणालाच मिळत नाहीत, पण हिशेबाची दिशा त्यावरून स्पष्ट होते.

रामायणातील कुंभकर्ण सहा महिने झोपतो आणि एक दिवस जागतो, अशी कथा घराघरांत सांगितली जाते. आळसाचे प्रतीक म्हणून त्याची थट्टा होत आली. पण रानात एकट्या राहणाऱ्या या यंत्रांना हाच आदर्श उपयोगी पडतो. पंधरा मिनिटे झोपावे, काही क्षण जागावे, काम उरकावे आणि पुन्हा डोळे मिटावेत.

मग इतके सोपे असताना पेट्या का मरतात? याचे उत्तर चिपच्या बाहेर दडलेले असते. विद्यार्थी आणि छोटे उत्पादक पुष्कळदा चिप ज्या सरावाच्या बोर्डावर मिळते, तोच बोर्ड उचलून पेटीत बसवतात. त्या बोर्डावर संगणकाशी जोडणी करणारी दुसरी चिप असते, "वीज आहे" असे सांगणारा एक लाल दिवा असतो आणि दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो. या कामासाठी सर्रास वापरला जाणारा एएमएस १११७ हा स्वस्त रेग्युलेटर काहीही काम नसताना स्वतःच सुमारे ५ मिलिॲम्पिअर खातो. म्हणजे धनी १० मायक्रोॲम्पिअरवर शांत झोपला आहे आणि दारावरचा पहारेकरी त्याच्या पाचशेपट जेवतो आहे. एकट्या या पहारेकऱ्यामुळे वर सांगितलेली बॅटरी १७ दिवसही टिकत नाही. दिवा आणि इतर सोबत्यांसह हा खर्च १० मिलिॲम्पिअरवर गेला, तर आठ दिवसांत पेटी बंद! चिपच्या जाहिरातीतील १० मायक्रोॲम्पिअर हा आकडा खोटा नसतो. तो फक्त संपूर्ण घराचा नसून एका खोलीचा असतो.

"सोलर पॅनेल लावा, प्रश्न मिटला," असे यावर सहज सांगितले जाते. सौर पॅनेल उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही, उन्हाळ्यात पॅनेलवर धुळीचा थर बसतो आणि रानातील पॅनेल चोरीलाही जाते. शिवाय गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतणे हा गळतीवरचा उपाय नव्हे.

विस्मृतीचा शाप

निद्रेच्या गणितात दुसरा आणि अधिक सूक्ष्म प्रश्न स्मृतीचा आहे. गाढ निद्रेत जाताना ईएसपी ३२ आपल्या ५२० किलोबाइट मुख्य स्मृतीची वीज तोडते. ती जागी होते तेव्हा आज्ञावली पहिल्या ओळीपासून सुरू होते. ती कोठे आहे, मागच्या वेळी काय मोजले, कोणाशी बोलली, यांतले काहीही तिला आठवत नाही. शापाने विस्मृती झालेल्या दुष्यंतासारखी तिची अवस्था होते. दुष्यंताला ओळख पटवायला मुद्रिका होती. या चिपमध्ये तिचे काम एक छोटी स्मृती करते. घड्याळाच्या विभागात असलेली ही स्मृती झोपेतही जागी ठेवता येते. ईएसपी ३२ मध्ये अशा स्मृतीचे ८ किलोबाइटचे दोन भाग आहेत. जुन्या ईएसपी ८२६६ मध्ये वापरकर्त्याच्या वाट्याला जेमतेम ५१२ बाइट येतात. मराठीतील एक परिच्छेदही तेवढ्या जागेत मावणार नाही, पण चतुराईने वापरल्यास तेवढी जागा एका यंत्राचे आयुष्य काही पटींनी वाढवू शकते.

ते कसे, हे आकड्यांतून पाहावे. समजा, यंत्र दर पंधरा मिनिटांनी जागे होते. काहीच आठवत नसल्याने ते आसपासचे सर्व वाय-फाय धुंडाळते, आपले केंद्र शोधते, ओळख पटवते, त्याच्याकडून पत्ता मागून घेते आणि मग माहिती पाठवते. यात पाच सेकंद जातात असे धरले, तर १०० मिलिॲम्पिअरच्या दराने वरील बॅटरी जवळपास पाच महिने पुरते. आता मागच्या वेळची वाहिनी, केंद्राची ओळख आणि स्वतःचा पत्ता एवढ्या तीन गोष्टी त्या छोट्या स्मृतीत जपल्या आणि हेच काम एका सेकंदात उरकले, तर तीच बॅटरी पावणेदोन वर्षांच्या पुढे जाते. आठवणीचे दोन-चार डझन बाइट आणि आयुष्य चौपटीहून अधिक!

आणखी एक पायरी चढता येते. मातीची ओल पंधरा मिनिटांत फारशी बदलत नाही. मग प्रत्येक मोजमाप त्याच क्षणी कळवण्याची घाई कशासाठी? यंत्राने पंधरा मिनिटांनी जागे व्हावे, रेडिओ न उघडता एक पंचमांश सेकंदात मोजमाप घ्यावे, ते छोट्या स्मृतीत टिपून ठेवावे आणि सहा तासांनी एकदाच २४ नोंदींची मोट बांधून पाठवावी. प्रत्येक नोंद आठ बाइटची धरली, तरी २४ नोंदींना १९२ बाइट पुरतात. मोजमापाच्या वेळी ४० मिलिॲम्पिअर आणि पाठवताना पाच सेकंद १०० मिलिॲम्पिअर धरले, तर याच बॅटरीचा हिशेब पाच वर्षांच्या पुढे जातो. कोणतेही नवे यंत्र आणले नाही, पैसाही वाढवला नाही, केवळ स्मृतीचा विनियोग विवेकाने केला. बोलण्यापेक्षा लक्षात ठेवणे किती स्वस्त असते, याचा यापेक्षा चोख दाखला सापडणे कठीण आहे.

अर्थात ज्या धोक्याची सूचना तत्काळ मिळायला हवी, तेथे हा उपाय चालणार नाही. आग लागल्याची वर्दी सहा तासांनी मिळून काय उपयोग? पण कोठे घाई आहे आणि कोठे नाही, हे ठरवायला शेती कळावी लागते, पाणी कळावे लागते, रोग कळावा लागतो. डेटाशीट परदेशात छापली जाते. आपल्या रानाची नाडी मात्र तिच्यात नसते.

लिहिल्याने झिजणारी पाटी

झोपेतही टिकणारी ती छोटी स्मृती वीज पूर्णपणे गेली की पुसली जाते. कायमची नोंद ठेवायची तर फ्लॅश स्मृतीत लिहावे लागते. ईएसपी ३२ च्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये ती ४ मेगाबाइट असते. जागा भरपूर असल्याने अननुभवी आज्ञावलीकार प्रत्येक मोजमाप बिनदिक्कत तेथे लिहीत सुटतो. पण फ्लॅश ही अक्षय पाटी नव्हे. तिचा ४०९६ बाइटचा एक-एक कप्पा पुसून पुन्हा लिहावा लागतो आणि असा कप्पा साधारणपणे एक लाख वेळा पुसला जाईल, एवढीच हमी असते. एक लाख हा आकडा मोठा वाटतो. दर मिनिटाला एकच कप्पा पुसला, तर दिवसाला १४४० वेळा होतात आणि ७० दिवसांत ती हमी संपते. काही चिपमधील अंतर्गत फ्लॅशची हमी तर दहा हजार वेळांचीच असते. नॉर्वेतील नॉर्डिक कंपनीची, झोपेत अत्यंत काटकसरी असलेली एनआरएफ ५२८३२ ही ब्लूटूथ चिप त्याच वर्गातली. अशा चिपमध्ये दर पंधरा मिनिटांनी त्याच कप्प्यात लिहिले, तर साडेतीन महिन्यांत मर्यादा गाठली जाते.

यावर उपाय आहेत आणि ते जगजाहीर आहेत. लेखन सर्व कप्प्यांत समान वाटावे, नोंदी आधी साठवून एकदम लिहाव्यात, फार वेळा लिहायचे असेल तर त्यासाठीच बनवलेली फेरोइलेक्ट्रिक स्मृती वापरावी. बॅटरी उतरत आली की आणखी एक सापळा उघडतो. रेडिओ चालू होताच विजेची मागणी उसळते, थकलेल्या बॅटरीचा दाब कोसळतो, चिप बंद होऊन पुन्हा सुरू होते, पुन्हा रेडिओ उघडते आणि पुन्हा कोसळते. या घेऱ्यात उरलीसुरली बॅटरी संपते. त्याच क्षणी फ्लॅशवर लेखन चालू असेल, तर जुनी नोंदही विस्कटते. चांगला अभियंता रेडिओ उघडण्यापूर्वी बॅटरीचा दाब तपासतो. तो अपुरा असेल, तर यंत्राला अधिक काळ झोपवतो. हे दहा ओळींचे शहाणपण आहे. त्या दहा ओळी लिहिलेल्या नसतात, म्हणून हजारो रुपयांची पेटी रानात शोभेची होते.

स्मृतीला सुरक्षिततेचीही बाजू आहे. वाय-फायचा परवलीचा शब्द याच फ्लॅशमध्ये असतो. मुद्दाम कुलूपबंद केला नसेल, तर तो बहुधा उघड्या रूपातच असतो. भंगारात टाकलेले उपकरण घराची किंवा कार्यालयाची किल्ली सोबत घेऊन जाते. फ्लॅश कूटबद्ध करण्याची सोय ईएसपी ३२ मध्ये आहे, पण ती वापरण्याची तसदी उत्पादकाने घ्यायला हवी आणि ग्राहकाने ती मागायला हवी.

स्वदेशी म्हणजे लेबल नव्हे

यापुढचा प्रश्न अधिक अप्रिय आहे. परदेशी मॉड्यूल आणायचे, आंतरजालावरची तयार आज्ञावली त्यात भरायची, प्लास्टिकच्या पेटीत बसवून वर 'भारतीय बनावट' अशी चिकटपट्टी लावायची आणि स्वदेशीच्या भावनेवर ते विकायचे, ही कार्यपद्धती आज बोकाळली आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीच या प्रकाराला प्रथम आक्षेप घेतला पाहिजे. वस्तू कोठे जोडली, हा दुय्यम प्रश्न आहे. ती कशी चालते हे येथे कोणाला कळते का, हा खरा प्रश्न आहे. उद्या पुरवठा थांबला तर दुसऱ्या चिपवर तेच काम उभे करता येईल का, याचे उत्तरही त्यावरच अवलंबून आहे.

चिप बनवण्याच्या आघाडीवर देशाने धडे महागात शिकले आहेत. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या आगीत ते भस्मसात झाले. त्यानंतरची दशके मागे पडण्यात गेली. आता चित्र पालटू लागले आहे. आयआयटी मद्रासने 'शक्ती' हा प्रोसेसर घडवला, सी-डॅकने 'वेगा' ही प्रोसेसरमालिका उभी केली. अवकाश कार्यक्रमासाठी घडवलेला 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर २०२५ मध्ये देशासमोर आला. गुजरातमधील धोलेरा येथील चिपनिर्मिती प्रकल्पाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. या सर्वांचे मोल मोठे आहे. मात्र अवकाशयानाच्या गरजा वेगळ्या आणि द्राक्षबागेच्या वेगळ्या. मायक्रोॲम्पिअरवर झोपणारी, स्वतःचा रेडिओ असणारी, चार पैशांत मिळणारी देशी चिप गावोगावी पोहोचेपर्यंत अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

बुद्धीची उणीव मात्र नाही. एस्प्रेसिफचेच एक कार्यालय पुण्यात आहे आणि तेथील अभियंते या चिपांसाठीची आज्ञाप्रणाली लिहितात. ज्या चिपचा जगभर बोलबाला आहे, तिला बोलते करण्यात मराठी मुलुखाचा हात आहे. असे असताना त्याच मुलुखातील शेतात तीच चिप आठ दिवसांत मरावी, ही विसंगती बोचणारी आहे. ज्ञान शहरातील वातानुकूलित कार्यालयापर्यंत पोहोचले. तालुक्याच्या तंत्रनिकेतनापर्यंत ते पोहोचले नाही.

तेथे ते पोहोचवण्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. सूक्ष्म वीजप्रवाह मोजणारे उपकरण प्रयोगशाळेत असावे आणि अंतिम वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पाला "हे यंत्र बॅटरीवर किती दिवस चालेल, मोजून दाखवा," असा प्रश्न विचारला जावा. सरकारी खरेदीच्या निविदांत फक्त किंमत आणि रंगसंगती न मागता झोपेतील एकूण वीजवापर, दिवसाला होणारे फ्लॅश-लेखन आणि प्रत्यक्ष तपासलेले बॅटरीचे आयुष्य लेखी मागावे. आणि तो आकडा चिपचा नव्हे, पूर्ण पेटीचा असावा. निविदेत जे मागितले जाते, तेच बाजारात घडते. केवळ सर्वात कमी किंमत मागणाऱ्याला सर्वात कमी आयुष्य मिळाले, तर तक्रार कोणाविरुद्ध करणार?

सर्वसामान्य माणसाने डेटाशीट वाचावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण घरचे दूध उतू जाऊ नये म्हणून जिचे लक्ष असते, महिनाअखेरीस जी खर्चाची वही मांडते, त्या गृहिणीला या विद्येचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. नको तेव्हा दिवा बंद करावा, एका फेरीत चार कामे करावीत, जे लक्षात ठेवता येते ते पुन्हा विचारायला जाऊ नये, हीच ती विद्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही काटकसर आज आधुनिक तंत्रज्ञानाच्या अग्रभागी मोलाची ठरत आहे आणि तरीही ती तेथे वापरायची असते, हे आपल्याकडे फारसे कोणाला सुचत नाही.

ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीवर यंत्र बसवणार असेल, एखादी संस्था शेतकऱ्यांना पेट्या वाटणार असेल किंवा घरातला मुलगा असा प्रकल्प करत असेल, तर जवळच्या माणसाने दोनच प्रश्न विचारावेत. हे यंत्र झोपेत किती खाते? आणि जागे झाल्यावर त्याला काय आठवते? ज्याला ही उत्तरे देता येतात, त्याने ते यंत्र खरोखर घडवले आहे. ज्याला देता येत नाहीत, त्याने ते फक्त पेटीत भरले आहे. हा फरक ओळखणारा ग्राहक तयार झाला, की तो फरक ओळखणारा उत्पादकही तयार होईल.